केंब्रिजला जाताय? मग फ्री स्कूल लेन चुकवू नका

लंडनला मुलाकडे नाहीतर लेकीकडे आलेली आपली मंडळी केंब्रिजला एक दिवस जातातच आणि बहुतेकांचा दिवस ठरलेला असतो, किंग्ज कॉलेजसमोर फोटो, तासभर पंटिंग (नदीत काठीने ढकलायच्या नावेतून फेरी), फिश अँड चिप्स आणि संध्याकाळची ट्रेन. मजा येते, नाही असं नाही. पण ज्या गावात इलेक्ट्रॉन सापडला, न्यूट्रॉन सापडला, डीएनएची रचना उलगडली तिथे जाऊन ती जागाच न बघता परत यायचं म्हणजे पंढरपूरला जायचं, चंद्रभागेत नावेतून फिरायचं आणि देवळात न जाताच गाडी पकडायची असं झालं. बरं ही जागा किंग्ज कॉलेजपासून चालत पाच मिनिटांवर आहे, तिकीट नाही, बुकिंग नाही, फक्त कुणी सांगत नाही.

एक आधीच सांगून ठेवते, तिथे बघायला म्हणाल तर फारसं काही नाही. एक अरुंद गल्ली, एक जुनी दगडी कमान, भिंतीवर पाटी. गोष्ट माहीत नसेल तर "एवढंच?" म्हणून दोन मिनिटांत पुढे जाल, आणि माहीत असेल तर तुमच्यासोबतचे लोक कंटाळून "चला आता" म्हणेपर्यंत तिथेच उभे राहाल. म्हणून रस्ता सांगता सांगता गोष्टीही सांगते, ट्रेनमध्ये वाचायला होतील.

पहिलं म्हणजे वार नीट निवडा. सगळे शनिवार-रविवारी जातात आणि तिथेच गडबड होते, कारण त्या गल्लीतलं व्हिपल म्युझियम, म्हणजे विज्ञानाच्या इतिहासाचं म्युझियम, साधारण सोमवार ते शुक्रवार दुपारीच उघडं असतं. आणि झूऑलॉजी म्युझियम सोमवारी बंद असतं. त्यामुळे मंगळवार ते शुक्रवारमधला एखादा दिवस काढा, सुट्टी टाकावी लागली तरी टाका. आदल्या दिवशी वेबसाइटवर वेळा बघून घ्या कारण या लोकांच्या वेळा युनिव्हर्सिटीच्या सुट्ट्यांप्रमाणे बदलतात. आणि कॉलेजांच्या आत जायचं असेल तर एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंतचे दिवस टाळलेले बरे, परीक्षा चालू असतात आणि बरीच कॉलेजं पर्यटकांना दारातूनच परत पाठवतात. गल्ली मात्र बारा महिने उघडी.

ट्रेन किंग्ज क्रॉसहून घ्या, जलद गाडी पन्नासेक मिनिटांत पोचवते. लिव्हरपूल स्ट्रीटहूनही गाड्या आहेत, त्या जास्त वेळ घेतात पण कधीकधी तिकीट स्वस्त पडतं. फक्त तिकिटावर काय लिहिलंय ते वाचा, काही स्वस्त तिकिटं एकाच कंपनीच्या गाड्यांना चालतात आणि मग चुकीच्या गाडीत बसलं की दंड. सकाळची ऑफिसची गर्दी संपल्यावरचं ऑफ-पीक तिकीट काढा, तीन किंवा जास्त जण असाल तर ग्रुपची सवलत मिळते का ते बघा, चांगले पैसे वाचतात. आणि उतरायचं नुसत्या 'केंब्रिज'ला, 'केंब्रिज नॉर्थ'ला नाही, ते गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे.

स्टेशन गावापासून दोनेक किलोमीटर लांब आहे. पोरं उठसूट लंडनला पळू नयेत म्हणून युनिव्हर्सिटीनेच ते लांब ठेवायला लावलं असं सांगतात. बाहेर बस मिळते, पण गुडघे ठीक असतील तर चाला, हिल्स रोड, रीजंट स्ट्रीट, सेंट अँड्र्यूज स्ट्रीट असा सरळ रस्ता आहे, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. सायकलवाल्यांपासून सांभाळा, या गावात गाडीपेक्षा सायकलची भीती जास्त, आवाज येत नाही आणि ते थांबतही नाहीत.

सेंट अँड्र्यूज स्ट्रीटवरून डावीकडे डाउनिंग स्ट्रीटला वळा. वळल्यावर उजव्या हाताला झूऑलॉजी म्युझियम, आत जातानाच डोक्यावर देवमाशाचा अख्खा सांगाडा लटकतोय, लहान मुलं सोबत असतील तर त्यांचा दिवस इथेच वसूल. समोरच्या बाजूला सेज्विक म्युझियम, दगड आणि फॉसिलचं. दोन्ही फुकट. दोन्हीकडे डार्विन भेटतो, झूऑलॉजीत त्याने विद्यार्थी असताना गोळा केलेले भुंगे-किडे आणि सेज्विकमध्ये बीगल जहाजाच्या प्रवासात जमवलेले दगड. हा पठ्ठ्या केंब्रिजला पाद्री व्हायला आला होता आणि अभ्यास सोडून किडे पकडत हिंडायचा. वेळ कमी असेल तर दोन्हीपैकी एकच करा, मी म्हणेन झूऑलॉजी.

आता डाउनिंग स्ट्रीट पुढे पेम्ब्रोक स्ट्रीट होतो आणि उजवीकडे एक गल्ली आत जाते, तीच फ्री स्कूल लेन. पूर्वी इथे पर्स स्कूल नावाची शाळा होती म्हणून हे नाव, आणि त्या शाळेच्या जुन्या हॉलमध्येच आता व्हिपल म्युझियम आहे. गल्लीच्या एका बाजूला कॉर्पस क्रिस्टी कॉलेजची मागची भिंत, दुसऱ्या बाजूला राखाडी दगडाची कमान असलेली इमारत. हीच जुनी कॅव्हेंडिश लॅब, युनिव्हर्सिटीची फिजिक्सची प्रयोगशाळा, म्हणजे सुरुवातीला म्हटलं ती जागा. लॅब स्वतः १९७४ च्या सुमारास गावाबाहेर पश्चिम केंब्रिजला गेली, आता इथे दुसऱ्या विभागांची ऑफिसं आहेत, त्यामुळे आत जाऊन उपकरणं वगैरे बघता येतील अशी आशा ठेवू नका. कमानीच्या दारावर लॅटिनमध्ये बायबलातलं एक वचन कोरलंय, देवाची कृत्यं थोर आहेत, ज्यांना त्यात आनंद वाटतो ते त्यांचा शोध घेतात, अशा अर्थाचं. फिजिक्सच्या लॅबवर हे, बघा.

इथे थांबा जरा. ही इमारत १८७४ ची. त्याआधी या युनिव्हर्सिटीत फिजिक्सचे प्रयोग करायला धड जागाच नव्हती, न्यूटनने प्रकाशाचे प्रयोग केले ते सुद्धा स्वतःच्या खोलीत आणि घरी. मग डेव्हनशरच्या ड्यूकने म्हणजे विल्यम कॅव्हेंडिशने पैसे दिले, आणि पहिला प्रोफेसर म्हणून आणलं जेम्स क्लार्क मॅक्सवेलला. वीज, चुंबक आणि प्रकाश हे सगळं एकाच समीकरणांच्या संचात बसवणारा तोच. इमारतीचा आराखडासुद्धा त्याने लक्ष घालून करून घेतला.

भिंतीवरची पाटी जे. जे. थॉमसनची आहे. १८९७ साली त्याने इथे इलेक्ट्रॉन शोधला. काचेची नळी, आतली हवा काढून टाकलेली, तिच्यात वीज सोडली की एक किरण दिसतो, तो किरण चुंबकाने आणि विजेच्या क्षेत्राने किती वळतो ते मोजून त्याने दाखवलं की हे म्हणजे हायड्रोजनच्या अणूपेक्षाही हजारपटीहून हलके कण आहेत. अणू फुटत नाही असं मानणाऱ्यांना तो मोठाच धक्का होता. गंमत म्हणजे थॉमसनचा हात प्रयोगात फार वाईट, तो काचेच्या वस्तूंजवळ आला की मदतनीसांच्या पोटात गोळा यायचा, त्यामुळे नळ्या बनवायचं नाजूक काम त्याचा सहाय्यक एव्हरेट करायचा. पाटीवर अर्थातच एव्हरेटचं नाव नाही.

१९१९ ला थॉमसनच्या जागी त्याचाच विद्यार्थी रदरफोर्ड आला आणि मग १९३२ साल उजाडलं. या एका वर्षात या एका लॅबमध्ये काय झालं बघा. फेब्रुवारीत जेम्स चॅडविकने न्यूट्रॉन शोधला. बेरिलियम धातूवर अल्फा कण मारले की काहीतरी बाहेर पडतं आणि ते समोर ठेवलेल्या मेणातून प्रोटॉन उडवतं, हे पॅरिसमध्येही दिसलं होतं पण त्यांनी ते क्ष-किरणांसारखं काहीतरी धरलं, चॅडविकने ओळखलं की हा वजनदार पण विद्युतभार नसलेला कण आहे. आणि एप्रिलमध्ये कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन या दोघांनी यंत्राने वेग दिलेले प्रोटॉन लिथियमवर आदळून अणूचं केंद्रक फोडलं, शिशाने मढवलेल्या एका खोक्यात बसून पडद्यावर ठिणग्या मोजत. आज जिनिव्हाला जमिनीखाली सत्तावीस किलोमीटरचं यंत्र आहे त्याचे हे पूर्वज. मला तर त्या गल्लीत उभं राहिलं की कॉलेजातल्या फिजिक्सच्या पुस्तकाची अर्धी पानं आठवतात, आणि सोबत नवरा असेल तर त्याला ती ऐकावीही लागतात.

आता कमानीतून आत चौकात जाता येतंय का बघा, दिवसा सहसा जाऊ देतात, कधी बांधकाम चालू असलं तर पेम्ब्रोक स्ट्रीटच्या बाजूने आत शिरा. आत माँड लॅबची विटांची, पुढून गोल अशी इमारत शोधायची आणि तिच्या दाराजवळच्या भिंतीवर बघायचं, मगर! पुरुषभर उंचीची, विटांमध्ये कोरलेली. ही लॅब प्योत्र कापित्झा या रशियन शास्त्रज्ञासाठी १९३३ मध्ये बांधली आणि त्यानेच एरिक गिल या शिल्पकाराला सांगून ती मगर कोरून घेतली, कारण 'मगर' हे त्याने साहेबाला, म्हणजे रदरफोर्डला, ठेवलेलं टोपणनाव होतं. साहेबाच्या टोपणनावाचं शिल्प साहेबाच्याच आवारात लावायला धाडस लागतं. पुढच्याच वर्षी कापित्झा सुट्टीला रशियात गेला आणि स्टालिनच्या सरकारने त्याला परत येऊच दिलं नाही, शेवटी रदरफोर्डने त्याची उपकरणं रशियाला विकायची व्यवस्था केली म्हणजे निदान त्याचं काम तरी थांबू नये. कापित्झाला नोबेल मिळालं ते थेट १९७८ ला. ही मगर बहुतेक गाइड दाखवत नाहीत, तुम्ही पोरांना आधीच सांगा की मगर शोधायची आहे, मग ती आपोआप पुढे पळतात.

व्हिपल म्युझियमला पाऊण तास द्या. खालीच एक मोठं ऑरेरी आहे, अठराव्या शतकातलं, म्हणजे सूर्याभोवती ग्रह फिरतात ते दाखवणारं पितळी यंत्र. जुन्या दुर्बिणी, मायक्रोस्कोप, पृथ्वीचे गोल, स्लाइड रूल, जुने कॅल्क्युलेटर. आपल्याकडच्या इंजिनिअर काकांना स्लाइड रूलसमोरून हलवणं अवघड जातं, तेवढा वेळ धरून चाला.

गल्ली संपते तिथे बेनेट स्ट्रीट. कोपऱ्यावर सेंट बेनेट चर्च, त्याचा मनोरा हजारेक वर्षांचा, गावातली सगळ्यात जुनी वास्तू, आणि जवळच 'द ईगल' नावाचा पब. कॅव्हेंडिशवाले दुपारी जेवायला इथेच यायचे. २८ फेब्रुवारी १९५३ ला डीएनएची रचना उलगडणारे कॅव्हेंडिशचे फ्रान्सिस क्रिक आणि जेम्स वॉटसन इथे आले आणि आम्ही जीवनाचं रहस्य शोधलं असं क्रिकने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, ही गोष्ट वॉटसनने सांगितली. आतल्या पाटीवर तेच लिहिलंय. क्रिकला मात्र आपण असं काही बोलल्याचं आठवत नव्हतं, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. तेव्हा वॉटसन चोवीस वर्षांचा, क्रिक छत्तिशीतला आणि त्याची पीएचडीसुद्धा अजून व्हायची होती, हे आपल्याकडच्या पीएचडी रखडलेल्या मंडळींनी लक्षात ठेवावं.

पण इथे रोझलिंड फ्रँकलिनची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका. ती लंडनच्या किंग्ज कॉलेजात होती (केंब्रिजमधल्या किंग्जशी संबंध नाही, दोन्ही वेगळी), डीएनएचे क्ष-किरणांनी काढलेले तिच्या गटाचे फोटो आणि तिची मोजमापं तिला न विचारता या दोघांपर्यंत पोचली आणि त्यावरून त्यांचं मॉडेल पक्कं झालं. १९५८ मध्ये ती फक्त सदतिसाव्या वर्षी कॅन्सरने गेली, नोबेल मिळालं १९६२ ला, वॉटसन, क्रिक आणि तिचाच किंग्जमधला सहकारी विल्किन्स यांना. पबबाहेरच्या निळ्या पाटीवर तिचं नाव नव्हतं, कुणीतरी येऊन त्यावर 'अधिक फ्रँकलिन' असं खरडून गेलं होतं, आता नव्या पाटीवर तिचं नाव आहे. सोबत मुलगी असेल, शाळेतली, तर तिला ही पाटी नक्की वाचायला लावा.

पबमध्ये जायला संकोच करू नका, दारू प्यायलीच पाहिजे असं काही नाही, आजी-आजोबा, लहान मुलं सगळे जेवायला येतात. टेबल धरा, टेबलचा नंबर बघा, काउंटरवर जाऊन ऑर्डर आणि पैसे द्या, वेटरची वाट बघत बसलात तर बसूनच राहाल. शाकाहारी एक-दोन गोष्टी असतात पण फार अपेक्षा नको, दुपारी एक ते दोन तुफान गर्दी असते म्हणून बाराला नाहीतर अडीचनंतर जा. मागच्या बाजूला आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) बार आहे, तिथे छताकडे बघा, दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांनी मेणबत्तीने, लायटरने, अगदी लिपस्टिकने लिहिलेली नावं अजून आहेत. नुसती बघायला आत गेलात तरी कुणी हटकत नाही, फक्त निदान कॉफी घ्या हो. खायला घरचे ठेपले-चटणी आणली असेल तर ती मार्केट स्क्वेअरच्या आसपास बाकावर बसून खा, पबमध्ये डबा उघडू नका.

बेनेट स्ट्रीट जिथे किंग्ज परेडला मिळतो त्या कोपऱ्यावर काचेमागे सोन्याचा मुलामा दिलेलं मोठं घड्याळ आणि त्यावर टोळासारखा भयंकर किडा दिसेल. हे कॉर्पस क्लॉक, २००८ मध्ये स्टीफन हॉकिंगच्या हस्ते सुरू झालं. काटे नाहीत, निळ्या दिव्यांच्या फटींवरून वेळ वाचायची, आणि ते अचूक वेळ फक्त दर पाच मिनिटांनी एकदा दाखवतं, मध्ये मुद्दाम अडखळतं, पळतं. तेव्हा परतीच्या ट्रेनसाठी यावर विसंबू नका.

किंग्ज परेडवर पंटिंगवाले दर दहा पावलांवर अडवतील, हसून नको म्हणा. पुढे डाव्या हाताला रेलिंगमागे पांढरी सीनेट हाउस. आपले रँग्लर परांजपे, कोकणातल्या दापोलीकडचे र. पु. परांजपे, १८९९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिले आले, एका इंग्रजासोबत बरोबरीने, तेव्हा सीनियर रँग्लरचं नाव इथेच पुकारलं जायचं (या परीक्षेत पहिल्या वर्गात आला तो रँग्लर, पहिला आला तो सीनियर रँग्लर). नंतर ते पुण्याला येऊन फर्ग्युसनचे प्रिन्सिपल झाले. १९०९ नंतर क्रमांक लावणं बंद झालं, रँग्लर मात्र अजून होतात. याच इमारतीच्या छपरावर १९५८ मध्ये इंजिनिअरिंगच्या पोरांनी रात्रीतून एक अख्खी ऑस्टिन मोटार चढवून ठेवली होती, ती उतरवायला यंत्रणेला काही दिवस लागले. शेजारी कीज कॉलेज, लिहितात गॉनव्हिल अँड कायस असं काहीसं, म्हणतात कीज. होमी भाभा इथे मेकॅनिकल इंजिनिअरिंगला आले होते, घरच्यांना पोरगा टाटांच्या पोलाद कारखान्यात जायला हवा होता, पोराने फिजिक्स धरलं आणि कॅव्हेंडिशमध्ये रमला. बाकी ट्रॉम्बेपर्यंतची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे.

ट्रिनिटीचं मोठं दार आलं की उजवीकडे लॉनवर एक लहानसं सफरचंदाचं झाड आहे, कुंपणाजवळ फोटो काढणाऱ्यांच्या घोळक्यावरून कळेलच. न्यूटनच्या डोक्यात सफरचंद पडलं ते हे झाड नव्हे (आणि डोक्यात पडलंच नव्हतं), हे त्याच्या गावच्या झाडाच्या वंशातलं कलम, १९५४ मध्ये लावलेलं. झाडाच्या मागे वरच्या मजल्यावरच्या खोल्यांमध्ये न्यूटन राहायचा. बोटॅनिक गार्डनमध्येही असंच एक झाड होतं, ते २०२२ च्या वादळात पडलं, जुन्या ब्लॉगवर वाचून तिकडे जाऊ नका. दारावर आठव्या हेन्रीचा पुतळा आहे त्याच्या हातात राजदंडाऐवजी खुर्चीचा पाय आहे, वर बघा, खरंच आहे. ट्रिनिटीचीच रेन लायब्ररी बाहेरच्यांना ठरावीक वेळीच उघडी असते, आधी बघून ठेवा, जमलं तर सोडू नका. रामानुजनची हरवलेली वही १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज या गणितज्ञाला इथल्याच कागदांत सापडली.

मॅथेमॅटिकल ब्रिज नावाचा लाकडी पूल बघायला क्वीन्स कॉलेजचं तिकीट काढायची गरज नाही, सिल्व्हर स्ट्रीटच्या पुलावरून फुकट दिसतो. नावेतला पोरगा सांगेल की न्यूटनने हा एकही खिळा न वापरता बांधला, मग विद्यार्थ्यांनी सुटा केला आणि परत जोडता आला नाही. न्यूटन वारला १७२७ ला, पूल झाला १७४९ ला. हसा आणि टिप द्या.

एवढं झाल्यावर पाय शिल्लक असतील आणि हिवाळ्यातला बुधवार असेल तर एक शेवटची जागा. मॅडिंगली रोडवर इन्स्टिट्यूट ऑफ अॅस्ट्रॉनॉमी आहे, १९६६ मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी सुरू केलेली, आणि सुरुवातीच्या मंडळींत आपले जयंत नारळीकर होते. कोल्हापूरला जन्मलेले, बनारसला वाढलेले, इथे रँग्लर झालेले, मग मुंबई आणि पुण्याचे. त्यांचं आत्मचरित्र घरात असेल तर केंब्रिजचा भाग आधी वाचून या, गावाची ओळखच बदलते. तिथे बाहेर हॉइल यांचा पुतळा आहे आणि हिवाळ्यात बुधवारी संध्याकाळी लोकांसाठी व्याख्यान आणि आकाश निरभ्र असेल तर दुर्बिणीतून आकाशदर्शन असतं, तारखा साइटवर बघा. गावातून बस जाते. कानटोपी, हातमोजे घ्या, तिथे वारा फार लागतो, आणि परतीची शेवटची जलद ट्रेन किती वाजता आहे ते व्याख्यानाला बसायच्या आधीच बघून ठेवा.